'बालगंधर्व' चित्रपट आणि कंट्रोलचे दोन अर्थ

पेपर कसा वाचायचा, गाइडशी पहिल्या भेटीत काय बोलायचं, सिनॉप्सिस कशी लिहायची, हे सगळं आपण इथं बोलत असतो. आज जरा वेगळं. आज एका चित्रपटाबद्दल लिहितोय. पण वाचायची पद्धत तीच ठेवणार आहे: दावा काय, पुरावा काय, आणि तुलना कशाशी?

चित्रपट आहे रवी जाधव यांचा 'बालगंधर्व'. २०११ चा. थिएटरात न पाहिलेल्यांनीही टीव्हीवर तुकड्यातुकड्यांत पाहिलाच असेल. सुबोध भावे मुख्य भूमिकेत, निर्मिती नितीन चंद्रकांत देसाईंची, पडद्यामागचा गाता आवाज आनंद भाटे यांचा. आता तुम्ही म्हणाल, संशोधनाला निघालेल्या पोरांना संगीत नाटकाचं काय? तर या चित्रपटाच्या पोटात एक गोष्ट आहे, जी पीएच.डी.ला येणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटते. दुसऱ्याच्या कंपनीत नाव झालेला माणूस एक दिवस म्हणतो, आता काय करायचं ते मी ठरवणार. त्यानंतर काय होतं?

साचा आधी, माणूस नंतर

या गोष्टीचं परदेशातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'द मंकीज'. अमेरिकेतल्या दोन निर्मात्यांना एका बँडवर टीव्ही मालिका करायची होती. पण बँडच नव्हता. मग १९६५ मध्ये वर्तमानपत्रात जाहिरात दिली, चारशेच्या वर मुलं आली, आणि शेवटी चौघांची निवड झाली. १९६६ च्या सप्टेंबरात मालिका सुरू झाली आणि गाणी धडाधड गाजली. मुलं गात होती, पण रेकॉर्डवर वाद्यं बहुतेक भाड्यानं आणलेले वादक वाजवत होते, आणि कुठलं गाणं घ्यायचं ते डॉन कर्शनर नावाचा संगीत-व्यवस्थापक ठरवत होता. दुसरा अल्बम तर पोरांना न विचारताच बाजारात आला. तिथून भांडण पेटलं, कर्शनर बाहेर गेला, आणि १९६७ च्या मे महिन्यात चौघांनी बरंचसं स्वतः वाजवलेला 'हेडक्वार्टर्स' आला. व्हीएच-वन वाहिनीनं २००० साली यावर 'डेड्रीम बिलीव्हर्स' हा टीव्हीपट केला. आपल्याकडं २००२ मध्ये चॅनेल व्हीनं 'पॉपस्टार्स' स्पर्धेतून पाच मुलींचा 'विवा' बँड काढला, तोही याच घडणीचा.

आता किर्लोस्कर नाटक मंडळी बघा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि कंपनी उभी राहिली. तिचे गाजलेले गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले. कंपनी होती, नाटकं होती, पदं होती, प्रेक्षक होता. फक्त त्या जागेवर उभा राहणारा गळा नव्हता. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा त्या जागेवर आला. म्हणजे साचा आधी होता, माणूस नंतर आला. हे मी कमीपणानं म्हणत नाही. मंकीजची पोरं गात चांगलीच होती, आणि नारायणरावांबद्दल तर बोलायलाच नको. मुद्दा एवढाच, की भूमिका कुठली, पद कुठलं, दौरा कुठला, हे आधी दुसरे ठरवत होते.

संशोधनातही बहुतेकांची सुरुवात अशीच होते. गाइडचा प्रोजेक्ट मंजूर झालेला असतो, त्यात एक जागा असते, त्या जागेवर तुम्ही येता. प्रश्न आधीच लिहिलेला असतो. यात वाईट काही नाही. पण हे माहीत असावं.

चित्रपट जे नीट करतो

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. पुरुषानं स्त्री साकारणं म्हटलं की आजच्या टीव्हीवर हमखास हशा येतो. सुबोध भावेंनी तो एका क्षणालाही येऊ दिलेला नाही. पदर सावरणं, मान कलती ठेवणं, बसताना शालू जपणं, हे त्यांनी नक्कल म्हणून केलेलं नाही, रोजच्या सवयीतून हाताला आलेल्या कामासारखं केलंय. विक्रम गायकवाडांची रंगभूषा आणि नीता लुल्लांची वेशभूषा त्याला जोडीला आहे. दोघांनाही त्या वर्षीचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, आणि भाटे यांना पार्श्वगायनाचा. भाटे यांचा आवाज जुन्या तबकडीची हुबेहूब प्रत काढायला जात नाही. वळण तेवढं उचलतो आणि श्वास स्वतःचा ठेवतो. प्रयोगाची पुनरावृत्ती करताना आपण पद्धत तीच ठेवतो, पण हात आपलाच असतो. तसंच काहीसं.

नितीन देसाईंनी उभा केलेला तो काळही नुसता देखावा म्हणून येत नाही. झुंबरं, पडदे, अत्तर, भरजरी वस्त्रं यांतून हा पैसा कुठं जात होता ते डोळ्यांना दिसतं. हिशोबाची वही न दाखवता खर्च दाखवणं सोपं नाही.

१२ मार्च १९११

चित्रपटातला सगळ्यात जास्त बोलला गेलेला प्रसंग 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाचा. १२ मार्च १९११, मुंबई. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं नवं नाटक, गोविंदराव टेंब्यांच्या चाली. त्याच दिवशी नारायणरावांची तान्ही मुलगी जाते. तरी ते भामिनी म्हणून उभे राहतात.

प्रेक्षक रडतो. मलाही भरून आलं. पण हा प्रसंग आपल्याकडं प्रेरणेची गोष्ट म्हणून फिरतो, तिथं मला थांबावंसं वाटतं. "बघा, याला म्हणतात निष्ठा!" असं म्हणत तो सेमिनारांत, मोटिव्हेशनच्या भाषणांत सांगितला जातो. अरे, पण तारीख बघा ना. स्वतःची कंपनी निघायला अजून दोन वर्षं होती. ते पगारी नट होते. नव्या नाटकावर सगळ्या कंपनीचा पैसा आणि नाव लागलेलं. मग प्रश्न विचारायला नको का, की त्या दिवशी पडदा न उघडण्याचा अधिकार नेमका कुणाकडं होता? चित्रपट हा प्रश्न विचारत नाही. तो कॅमेरा चेहऱ्यावर ठेवतो आणि त्यागाचं संगीत वाजवतो.

माणूस स्वतःहून उभा राहिला असेल, तर तो त्याचा निर्णय, आणि त्याला नमस्कार. पण दुःख गिळून काम करणं ही ज्या क्षेत्राची रीत होते, तिथं नंतर येणाऱ्याला निर्णयच उरत नाही. घरात मयत झालं तरी तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये हजर राहिलेल्या मुलाचं कौतुक आपण करतो. त्या कौतुकानं पुढच्या मुलाची रजा कमी होते.

१९१३ आणि त्यानंतर

१९१३ मध्ये तिघं किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले: बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे. एक गाणारा, एक कसलेला नट, एक चाली बांधणारा. तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. आजच्या भाषेत, बँडनं रेकॉर्ड कंपनी सोडून स्वतःचं लेबल काढलं.

कुठल्याही चरित्रपटाला इथं शिट्ट्या वाजवून हव्या असतात. मंकीजच्या टीव्हीपटातही कर्शनरशी होणारी झुंज हीच गोष्टीची चढण आहे. 'बालगंधर्व'मध्येही स्वतःच्या कंपनीचा क्षण उजेडात न्हालेला आहे. त्यानंतर चित्रपट घाईला लागतो. गाणी येतात, यश येतं, खर्च येतो, कर्ज येतं. भागीदार जातात, पण ते का गेले, काय बोलून गेले, त्यांच्या जाण्यानं तालमीत काय बदललं, याला वेळ मिळत नाही. माझी मोठी तक्रार हीच आहे.

आपण विज्ञानाचे विद्यार्थी 'कंट्रोल' हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. एक, नियंत्रण: काय करायचं ते ठरवण्याची सत्ता. दुसरा, प्रयोगातला कंट्रोल: ज्या नमुन्यावर काहीच केलेलं नाही तो, शेजारी ठेवलेला. आपला निकाल खरा की भास, ते तो सांगतो. पहिला कंट्रोल तुम्हाला मोकळं करतो. दुसरा चुकताना पकडतो. कलावंताच्या चरित्रपटांना पहिलाच दिसतो. मालकाच्या हातून तो हिसकावून घेतला की गोष्ट जिंकली.

पण बोडस आणि टेंबे हे नुसते भागीदार नव्हते. माझ्या वाचनाप्रमाणं ते बालगंधर्वांचा दुसरा कंट्रोल होते. टेंबे बरोबरीचे संगीतकार, बोडस वयानं आणि अनुभवानं मोठे नट. "नारायणराव, हे पद लांबतंय" किंवा "या शालूशिवायही प्रवेश होईल" हे म्हणायचा हक्क असणारी माणसं कंपनीत किती असणार? टेंबे दोनेक वर्षांत बाहेर पडले. बोडस अधिक काळ राहिले. १९१९ मध्ये 'एकच प्याला' आलं त्यात सुधाकर त्यांचा आणि सिंधू बालगंधर्वांची. (हे नाटक लिहिणारे राम गणेश गडकरी ते रंगभूमीवर यायच्या आधीच, त्याच वर्षी जानेवारीत, आपल्या विदर्भातल्या सावनेरला गेले.) १९२१ पर्यंत कंपनी एकट्या बालगंधर्वांची झाली होती, आणि तिच्यासोबत मोठं कर्जही. पहिल्या अर्थाचं नियंत्रण शंभर टक्के. दुसऱ्या अर्थाचं, जवळजवळ कुणीच नाही.

आमच्या सिहोऱ्याकडं, सगळ्या झाडीपट्टीत, दिवाळीनंतर मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक, ते पहाटेपर्यंत. पोस्टरवर गाणाऱ्याचं नाव मोठं आणि लोक त्या नावावर येतात. पण नाटक लांबलं की कुठं कापायचं ते सांगणारा पडद्याआड असतो, त्याचं नाव पोस्टरवर नसतं. तो माणूस मंडळी सोडून गेला तर पहिल्या वर्षी प्रेक्षकाला कळतही नाही. तिसऱ्या वर्षी कळतं. चित्रपटानं त्या पडद्याआडच्या माणसाला दहा मिनिटं दिली असती, तर तो फार मोठा झाला असता.

दावा तपासून बघू

चित्रपट पाहून उठताना मनात एक कारणमीमांसा घेऊनच आपण उठतो: देवमाणूस होता, व्यवहार कळत नव्हता, उधळपट्टी केली, म्हणून बुडाला. हा दावा म्हणून मांडू आणि विचारू, तुलना कशाशी?

तुलना हाताशी आहे. त्याच किर्लोस्कर मंडळीतून १९१८ मध्ये आणखी एक गट बाहेर पडला: मास्टर दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे. त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. पुन्हा तिघं, पुन्हा एक विलक्षण गळा, पुन्हा स्वतःची कंपनी. गायकी वेगळी, माणसं वेगळी. ती कंपनीही १९३० च्या दशकात अडचणीत आली आणि बंद पडली.

मधल्या काळात काय घडलं? १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. पडदा बोलायला आणि गायला लागला. प्रत्येक गावात अख्खी नाटक कंपनी नेण्यापेक्षा फिल्मचे डबे नेणं स्वस्त होतं. आणि हेही लक्षात घ्या, की १९२१ चं ते कर्ज बालगंधर्वांनी पुढं काही वर्षांत फेडलं होतं. म्हणजे एकदा बुडताना माणूस वर आला होता. उधळेपणा हेच एकमेव कारण असतं, तर ते पहिल्यांदाच लागू पडायला हवं होतं. दुसऱ्यांदा फेडायला प्रेक्षकच उरला नाही. मग १९३५ मध्ये ते प्रभातच्या 'धर्मात्मा'त संत एकनाथ झाले, पुरुषवेशात.

यातून उधळपट्टी झालीच नाही असं सिद्ध होत नाही. दोन कंपन्या म्हणजे काही मोठा नमुना नव्हे. पण स्वभाव हे एकच कारण पुरेसं नाही, इतकं तरी म्हणता येतं. चरित्रपटाचा हा नेहमीचा दोष आहे: एका माणसावर कॅमेरा ठेवला की सगळी कारणं त्याच्या स्वभावात सापडतात. शेजारी काय चाललंय ते चौकटीबाहेर राहतं.

आणि पुराव्याचं म्हणाल, तर सोडून गेलेले दोघंही लिहिते होते. बोडसांचं आत्मचरित्र 'माझी भूमिका' आणि टेंब्यांचं 'माझा जीवनविहार' ही दोन्ही पुस्तकं आहेत. म्हणजे एकाच घटनेला तीन बाजू उपलब्ध आहेत, त्यातल्या दोन प्रत्यक्ष हजर असलेल्यांनी लिहिलेल्या. ज्यांना चरित्र, समाजशास्त्र किंवा इतिहासात काम करायचंय, त्यांनी चित्रपट पाहून ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत. प्राथमिक साधन आणि त्यावरून रचलेली गोष्ट यांतला फरक दहा व्याख्यानांपेक्षा लवकर कळेल. आत्मचरित्रही बाजू घेतंच, तेव्हा तेही तपासतच वाचायचं.

सगळं स्वतः करणं म्हणजे स्वातंत्र्य नव्हे

मंकीजच्या गोष्टीचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. 'हेडक्वार्टर्स' अमेरिकेत एक आठवडा पहिल्या क्रमांकावर होता, मग बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'नं त्याला खाली ढकललं. त्यानंतरच्या अल्बमसाठी या पोरांनी काय केलं? बाहेरचे वादक पुन्हा बोलावले. फरक एकच: या वेळी कुणाला बोलवायचं ते त्यांनी ठरवलं. कर्शनरनं पुढं 'द आर्चीज' हा कार्टूनमधला बँड हाती घेतला. चित्रातली पोरं भांडत नाहीत.

बालगंधर्वांचंही मोठेपण इथं दिसतं. १९१६ च्या 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखले यांचं संगीत, आणि कंपनीत तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. आपल्यापेक्षा जाणकार माणसं शेजारी बसवायला छाती लागते. आणि ८ जुलै १९२१ चं संयुक्त 'मानापमान' आठवा. टिळक स्वराज्य फंडासाठी प्रतिस्पर्धी ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. एकाच रंगमंचावर, एकाच रात्री, हजारो कान तुलना करायला बसलेले. यापेक्षा कडक कंट्रोल कुठला? चित्रपटातही हा भाग जिवंत झालाय, कारण इथं एकदाच नायकाच्या शेजारी त्याच्या तोडीचा माणूस उभा आहे.

तुमच्या कामासाठी

पीएच.डी.साठी जागा शोधताना मुलं एकच विचारतात: "सर, विषय मला निवडता येईल का?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. उरलेला असा:

प्रश्न माझा नसेल, तर त्यातला कुठला तुकडा माझा असेल, आणि कधीपासून?

नमुने, केमिकल, फील्डचा प्रवास यांचा पैसा कुणाच्या सहीनं निघतो? ती सही अडली तर माझं काम किती महिने अडतं?

पेपरवर कुणाची नावं, कुठल्या क्रमानं, हे काम सुरू व्हायच्या आधी बोललं जातं की नंतर?

आणि शेवटचा, जो कुणी विचारत नाही: या लॅबमध्ये मला "हे चुकतंय" असं कोण म्हणेल? आणि गाइडला असं म्हणणारं कुणी आहे का?

पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं "सगळं तुझ्या हातात" अशी आली आणि चौथ्याला कुणाचंच नाव आलं नाही, तर जरा सावध राहा. पूर्ण मोकळीक देणारा आणि कधीच ड्राफ्ट न वाचणारा गाइड पहिल्या वर्षी देव वाटतो. चौथ्या वर्षी परीक्षकाचे शेरे हातात येतात, तेव्हा कळतं की जे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं, ते आता परका माणूस सांगतोय. उलट, प्रत्येक आलेखाला नाक मुरडणारा सिनियर त्रासदायक असतो खरा, पण त्याच्याशी भांडण झालं म्हणून त्याला टाळू नका. असा माणूस नसेल, तर दुसऱ्या विभागातून शोधा आणि महिन्याला एकदा त्याला चहा पाजा.

तर, 'बालगंधर्व' पाहावा का? जरूर. गाण्यांसाठी, भाव्यांसाठी, भाटे यांच्यासाठी, आणि पुरुषानं साकारलेल्या स्त्रीकडं इतक्या आदरानं पाहणाऱ्या कॅमेऱ्यासाठी. फक्त १९१३ ला टाळ्या वाजवून झाल्यावर पुढं मोजत राहा, की पडद्यावर नारायणरावांच्या शेजारी बरोबरीनं बसलेली माणसं किती उरली आहेत. ती संख्या जिथं एकवर येते, तिथं चित्रपट थांबवून स्वतःच्या लॅबमध्येही एकदा मोजा.